डोळ्यांत तेल घालू नका

दक्ष मनुष्य डोळ्यांत तेल घालून पहारा करतो, असे आपल्या भाषेत म्हणण्याची रीत आहे. वाक्प्रचार म्हणून त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काही घरी तो अद्यापि अक्षरशः आचरला जातो, ही गोष्ट मात्र चिंतेची होय. मुलाचे डोळे चुरचुरू लागले, उजेड सोसेनासा झाला, की कोणी एरंडेल घालतो, कोणी मध, कोणी लिंबाच्या रसाचा थेंब, तर कोणी झाडपाल्याचा रस पिळतो; आणि एवढ्याने गुण न आला म्हणजे शेजाऱ्याकडे उरलेली औषधाची बाटली आहेच. हेतू मायेचा असतो, यात संशय नाही. तथापि कोरड्या व हळव्या डोळ्यांत काय घालावे हा प्रश्न दुय्यम असून, त्यांतील ओलावा कशाने नाहीसा होत आहे हा प्रश्न पहिला होय, असे आमचे मत आहे.

ज्या तेलाची आपण बाहेरून भर घालू पाहतो, ते डोळ्यांत मुळातच असते. बुबुळावर अश्रूंचा एक अत्यंत पातळ पडदा सदैव पसरलेला असतो. त्याच्या तळाशी बुळबुळीत श्लेष्म असतो, त्यायोगे पाणी बुबुळास धरून राहते. मध्ये पाणी असते. आणि सर्वांच्या वर तेलाचा थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडांतील सूक्ष्म ग्रंथींतून पाझरते व खालच्या पाण्याची वाफ होऊ देत नाही. मधले पाणीही केवळ पाणी नव्हे. सन १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने जंतूंचा नाश करणारे लायसोझाइम नावाचे द्रव्य शोधून काढले, ते अश्रूंत विपुल असते. पेनिसिलीनचा शोध त्याने लावला तो यानंतर काही वर्षांनी. हा पडदा नीट पसरविण्याचे काम पापणीचे. साधारणतः मिनिटास पंधरा वेळा पापणी लवते. परंतु वाचताना, आणि विशेषतः मोबाइलच्या पडद्याकडे टक लावून पाहताना, हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते.

“याच्या डोळ्यांतून तर सारखे पाणी गळते, मग ते कोरडे कसे?” असे पालक विचारतात. शंका रास्त आहे. पडदा जागोजागी फाटला म्हणजे बुबुळ उघडे पडते व टोचू लागते. त्या टोचणीने मोठ्या अश्रुग्रंथीतून एकदम पाण्याचा लोंढा येतो. तो गालावर ओघळून जातो, पण त्यात तेलाचे व श्लेष्माचे योग्य प्रमाण नसल्यामुळे पडदा काही सांधला जात नाही. तापलेल्या जमिनीवरून वळवाचे पाणी वाहून जावे, त्यातलाच हा प्रकार.

आता आपल्या मुलुखाचा विचार करा. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, हवेत ओलावा नसतो, आणि दुपारच्या झळांबरोबर शेतांतील बारीक धूळ उडत असते. घरात यावे तर कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन निजण्याची आपली आवड! कूलर हवेस ओलावा देतो हे खरे. परंतु ओली असली तरी वेगाची हवा उघड्या डोळ्यांवरून सतत वाहिली की पडदा सुकतोच. झोत पायांकडे वळविण्यास खर्च नाही. स्वयंपाकघरात पऱ्हाट्या व गोवऱ्या यांचा धूर असतो. सन २०१६ पासून उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरी गॅस आला. तरी सिलिंडर पुरवून वापरावा म्हणून चूल पेटतेच, आणि तिच्याजवळच दिव्याखाली मूल अभ्यासास बसते. चूल उघड्या पडवीत नेता येत असेल तर न्यावी; ते न जमल्यास निदान अभ्यासाची जागा तरी तेथून हलवावी.

शाळांनाही यात बोलून घेतले पाहिजे. कोरडा वर्ग झाडून धुरळा उडवायचा, आणि तो बसण्यापूर्वीच मुले आत घ्यायची, हे बरे नव्हे. आधी पाणी शिंपडावे. डोळे चोळणाऱ्या मुलास ‘आळशी’ किंवा ‘रात्री जागलेला’ ठरवून उभे करणे, हे त्याहूनही बरे नव्हे. फळ्यावरील अक्षर क्षणभर अंधुक दिसते, पापणी लवली की पुन्हा स्पष्ट होते, असे कोणी सांगितले तर तो बहाणा नसून कोरड्या डोळ्यांचे एक ठळक लक्षण होय, हे आम्हा शिक्षकांस ठाऊक असावयास हवे.

मुलांनो, ज्यांच्या डोळ्यांस उन्हाळा लागला की असह्य खाज सुटते, त्यांच्याशी थोडे बोलावयाचे आहे. ही बहुधा वावड्याची व्याधी असते आणि पुष्कळांची वय वाढता वाढता ती शमते. परंतु तोवर डोळे चोळण्याची सवय लागली तर ती घातक ठरते. वर्षानुवर्षे चोळल्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ शकते, आणि मग साध्या चष्म्यानेही दृष्टी सुधारत नाही. खाज आली की स्वच्छ गार पाण्यात भिजविलेली घडी मिटल्या डोळ्यांवर ठेवावी. याउलट ज्या वडीलधाऱ्यांच्या पापण्यांच्या मुळाशी सकाळी कोंडा व चिकटा जमतो, त्यांस सोसेल इतक्या ऊन पाण्याच्या घडीने आराम पडतो, कारण ग्रंथींत थिजलेले तेल त्याने पातळ होते.

सर्वांत अधिक भय आम्हांस वाटते ते त्या उसन्या बाटलीचे. डोळ्यांची लाली दोन दिवसांत घालविणाऱ्या कित्येक थेंबांत स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपकारक आहे. परंतु चिठ्ठीवाचून महिनेच्या महिने घातले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि कडेची दृष्टी हळूहळू जाते. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. दुकानदाराने ‘मागचेच द्या’ या शब्दावर असे औषध देऊ नये, असा कायदा आहे. पालकांनी ते मागूही नये. मध, पाल्याचा रस वगैरे निर्जंतुक नसतात. बुबुळावर आधीच ओरखडा असला तर त्यांपासून जखम चिघळून फूल पडते. सुरम्याविषयी एवढेच सांगतो की, पुष्कळ सुरम्यांत शिसे आढळले आहे. डोळ्यांत घालण्याजोगे काही असेल तर ते डॉक्टरांनी सांगितलेले कृत्रिम अश्रू; आणि उघडलेली बाटली साधारण महिन्याने, किंवा वेष्टनावर लिहिले असेल त्याप्रमाणे, टाकून द्यावी.

एक कोरडेपणा मात्र घरगुती जपणुकीने जाणारा नव्हे. संध्याकाळी मूल ठेचकाळते, अंधारात चाचपडते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका दिसतो, तर ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाचे चिन्ह समजावे व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लहान बालकांस या जीवनसत्त्वाची मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सन १९७० पासून चालू आहे, ती चुकवू नये. शेवग्याचा पाला, पपई, आंबा यांची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती मुलांनी पालेभाजी खाण्याची!

मोबाइलविषयी पालकांनी आजवर इतके उपदेश केले आहेत की आम्ही त्यांत भर घालीत नाही. फक्त तो डोळ्यांच्या पातळीखाली धरावा, म्हणजे पापणी अर्धी मिटलेली राहून पडदा कमी सुकतो. आणि वीस-वीस मिनिटांनी दूरच्या झाडाकडे पाहून सावकाश पापण्या लवाव्या.

शेवटी फवारणीविषयी लिहिले पाहिजे. सन २०१७ च्या खरीप हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व मजूर दगावले, शेकडो जणांस रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि कित्येकांची दृष्टी अंधुक झाली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढल्याने फवारा तोंडावर येत होता, असे तेव्हा सांगण्यात आले. फवारणीनंतर डोळे जळजळणे किंवा अंधुक दिसणे हे ‘डोळ्यांत काही गेले’ एवढ्यावर सोडून देऊ नये. ते साऱ्या शरीरास विष भिनल्याचे पहिले चिन्ह असू शकते. निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावे, कपडे बदलावे, व औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक रुग्णालयात जावे. दुपट्टा तोंडास बांधला म्हणजे झाले, असे पुष्कळांस वाटते. परंतु दुपट्टा डोळे झाकीत नाही, आणि भिजला म्हणजे तेच विष कातडीस चिकटवून ठेवतो. चारी बाजूंनी बंद असा चष्मा लावणे ही गावात ऐट समजली जाते; ती ऐट प्रत्येक फवारणाऱ्याने खुशाल करावी. मुलांना तर पंप भरण्यास, औषध कालविण्यास किंवा बांधावर पाणी घेऊन उभे राहण्यासही नेऊ नये. पुढील पालकसभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्यांच्या घरी कपाशी आहे त्यांनी, फवारणीची घाई असली तरी, त्या दिवशी अवश्य यावे.