शब्दांचीं गोत्रें : ‘गाय जनली’

पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. अचलपुरास मी मास्तरकी करीत असतां एका गवळ्याच्या मुलानें निबंधांत लिहिलें, “काल आमची गाय जनली.” मीं तांबड्या शाईनें ‘जनली’ खोडून वर ‘व्याली’ लिहिलें, आणि तें वाक्य वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें. घरीं तोच शब्द बोलणारीं मुलेंहि हंसलीं. तो मान खालीं घालून बसला.

चूक माझीच होती. ‘विणें’ हें क्रियापद संस्कृत ‘विजायते’पासून प्राकृताच्या वाटेनें आलेलें; म्हणजे दोहोंचा धातु ‘जन्’ हाच. पुणेरी रूपांत तो झिजून गेला, वऱ्हाडी रूपांत ढळढळीत उभा आहे. संस्कृत शिकलेल्या मास्तरानें नेमका तोच खोडावा!

या ‘जन्’ धातूची सख्खी बहीण ग्रीक भाषेंत ‘गेन्’. इजिप्तच्या चित्रलिपीचें कुलूप उघडतांना ती कामीं आली. १८२२ सालीं शांपोलियों या फ्रेंच पंडितापुढें एक राजनाम होतें : आरंभीं सूर्यबिंब, शेवटीं दोन ‘स’, आणि मध्यें एकत्र बांधलेल्या तीन कोल्ह्यांच्या कातड्यांचें चिन्ह. रोझेटाच्या शिळेवर तें चिन्ह जेथें येतें, तेथें ग्रीक मजकुरांत ‘गेनेथ्लिया’, म्हणजे जन्मदिनाचा उत्सव, असा शब्द आहे. कॉप्टिक भाषेंत सूर्य तो ‘रे’, आणि जन्म देणें तें ‘मिसे’. त्यानें नांव वाचलें : रामसेस, सूर्यदेवानें ज्यास जन्म दिला तो. (आपल्या रामाशीं याचा कांहीं संबंध नाहीं, हल्लीं अशा जोडाजोडीस ऊत आला आहे म्हणून सांगून ठेवितों. इजिप्शियन ‘मेस्’ आणि आपला ‘जन्’ यांचेंहि नातें नाहीं.)

त्या ‘मेस्’ धातूचा दुसरा अर्थ मला अधिक मोलाचा वाटतो. आई मूल प्रसवते आणि मूर्तिकार मूर्ति घडवितो, या दोन्ही कृतींस तो एकच शब्द. तेथील प्राचीन राजांच्या वर्षनोंदींत ‘अनुबिसाचा जन्म’ असें येतें. अर्थ इतकाच कीं त्या वर्षीं अनुबिस देवाची मूर्ति घडली. आपल्याकडे मूर्ति आधीं घडते, प्राणप्रतिष्ठा मागाहून होते. त्यांनीं छिन्नीच्या कामासच प्रसूति मानलें.

गेल्या वर्षीं तो विद्यार्थी बाजारांत भेटला. आतां त्याचेहि केस पिकले आहेत. मीं त्याची क्षमा मागितली आणि धातूची ही सारी कथा ऐकविली. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली. मग म्हणाला, “गुरुजी, गाय तं जनलीच होती नं!”