क्ष-किरणांचा वेग वाढला, मोजमापाचे काय?

हॅम्बुर्गजवळचा ‘युरोपियन एक्सएफईएल’ हा क्ष-किरण लेझर २०१७ पासून सुरू आहे. तो सेकंदाला २७ हजारांपर्यंत स्पंद देतो. कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेच्या २०२३ मधील नव्या लेझरचे लक्ष्य तर १० लाखांचे आहे. पण खरा कस मोजमापात लागतो. इथे प्रत्येक स्पंदाची तीव्रता आणि वर्णपट वेगळा असतो. प्रथिनाचा इवलासा स्फटिक एकाच स्पंदात नष्ट होतो. त्याआधी चित्र टिपले तरच उपयोग. म्हणून झोत विरळ वायूतून नेतात. त्यातून सुटलेले आयन आणि इलेक्ट्रॉन मोजले की स्पंदाची ऊर्जा कळते, झोतही जवळपास अबाधित राहतो. ही नोंद नसेल, तर दिसलेला फरक प्रथिनातला की झोतातला, हे कसे ठरवणार? अशा चित्रांच्या आधारे नवे औषध घडवायचे, तर हा प्रश्न टाळता येत नाही.