बोट गळते कुठे?

आपल्याकडे गळतीवर एकच औषध आहे: एम-सील. नळ गळतो, लाव एम-सील. कूलर गळतो, लाव. गळती कुठून येते हे कोण बघत बसणार! माझं म्हणणं असं की चार वर्षं मेकॅनिकल करून आपणही तेच करणार असू, तर एफ. एम. च्या सबमिशनला रात्री जागायची काही गरज नाही.

हे सुचलं एका मोटरबोटीमुळे. मावळातल्या एका जलाशयावर मामांच्या ओळखीचे एक गृहस्थ पर्यटकांना फेऱ्या मारून आणतात. सोळा फुटी फायबरची बोट, मागे आउटबोर्ड इंजिन. रोज संध्याकाळी आतून दोन-तीन बादल्या पाणी निघायचं. तीनदा सीलंट फासून झालं होतं. एका कारागिराने तर "तळाला बारीक तडे आहेत, सगळा तळ नव्याने लॅमिनेट करा" असं सांगून टाकलं. खर्च ऐकून मालकांनी मोठा पंप बसवायचं ठरवलं. आत येईल तेवढं बाहेर फेकायचं, की झालं!

पंपाला माझा विरोध नाही, तो असलाच पाहिजे. पण पंप म्हणजे दुरुस्ती नव्हे. बॅटरी उतरली की पंप बंद, गळती चालूच. शिवाय तळातल्या पाण्यात पेट्रोल-ऑइल मिसळलेलं असतं, ते जाणार त्याच जलाशयात. मावळातल्या धरणांचं पाणी कोण पितं? पवनेचं तर रावेतहून उचलून पिंपरी-चिंचवडकरच पितात.

आणि आत साठलेलं पाणी एका जागी बसून राहत नाही. बोट जरा कलली की तेही त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ प्रवासी बोटीत पाणी शिरलं तेव्हा ८८ माणसं होती. पोलिसांची गस्ती बोट जवळ होती म्हणून सगळी वाचली. आपल्या जलाशयावर गस्ती बोट कुठली?

तर आम्ही तिघं गेलो. आधी बोट बाहेर काढून आतून पूर्ण कोरडी केली, कारण ओल्या बोटीत गळती शोधणं म्हणजे पावसात घाम शोधणं. तळाचं बूच पाहिलं. (बोटीत पाणी येण्याचं एक सामान्य कारण बूच सैल असणं किंवा लावायलाच विसरणं. २५ मिमीचं भोक ३० सेंमी खोलीवर उघडं राहिलं तर मिनिटाला सुमारे ४३ लिटर पाणी आत येतं. टोरिचेली घ्या, सी-डी ०.६ धरा, करून बघा.) बूच ठीक होतं. बोट पाण्यात सोडून तासभर नुसती बांधून ठेवली. आत थेंब नाही! म्हणजे तळाला तडे नव्हते. तडा असता तर त्याने बोट चालू व्हायची वाट पाहिली नसती. मग आमच्यातला एक जण एकटाच इंजिन चालवून फेरी मारून आला. तरीही कोरडी.

चाकणला इन-प्लांट ट्रेनिंगला गेलेल्यांनी शॉवर टेस्ट पाहिली असेल. प्रत्येक गाडी फवाऱ्याखालून जाते आणि मग आत ओल तपासतात. ते बरोबरच आहे, कारण पाऊस रिकाम्या गाडीवरही तसाच पडतो. बोटीचं तसं नाही. पाच प्रवासी म्हणजे साधारण ३५० किलो. पाण्याच्या रेषेपाशी बोटीचं क्षेत्रफळ ५ चौ. मी. धरलं तर ती ७ सेंमी खाली बसते, आणि माणसं मागे बसली तर मागची बाजू आणखी खाली. आम्ही गावातल्या पाच पोरांना लाइफ जॅकेट घालून मागे बसवलं. पाचव्या मिनिटाला पाण्याची रेघ दिसली!

ती येत होती ट्रान्समवरून, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या उभ्या फळीवरून. पोहणाऱ्यांसाठी तिथे नंतर कुणीतरी शिडी बसवली होती, साध्या स्क्रूंनी, सीलंटशिवाय. खालचे दोन स्क्रू रिकाम्या बोटीत पाण्याच्या वर, भरलेल्या बोटीत पाण्याखाली. ५ मिमीचं मोकळं भोक फक्त ३ सेंमी बुडालं तरी तासाला तीसेक लिटर येतात. स्क्रू अडकलेला असल्यामुळे त्याहून कमी. बादल्यांचा हिशेब जुळला.

दुरुस्तीत घाई चालत नाही. फायबरच्या आत प्लायवुड असतं आणि ते पाणी प्यालेलं असतं. हातोडीने टकटक करत गेलं की चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. आमच्या नशिबाने भद्द आवाज तळहाताएवढ्या जागेतच होता. भोकं मोठी करून ओलं लाकूड कोरून काढलं, आठवडाभर वाळू दिलं, घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं, आणि त्यात नव्याने ड्रिल करून स्टेनलेसचे आरपार बोल्ट पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बसवले. बाथरूमचं सिलिकॉन इथे वापरू नये. ते सुटतं, आणि त्या जागेवर नंतर दुसरं काही चिकटत नाही. मग पुन्हा पाच पोरं, पुन्हा एक तास. कोरडी.

सगळा खर्च नव्या पंपाहून कमी आला. आता मालकांनी एक वही ठेवली आहे, रोज संध्याकाळी किती पाणी उपसलं ते लिहितात. माझ्या मते बोटीवरचं सर्वांत स्वस्त उपकरण ते आहे.

कंपन्यांत गेल्यावर आपण व्हाय-व्हाय अॅनालिसिसचे तक्ते भरणार, बरेचसे ऑडिटच्या आदल्या रात्री. त्यापेक्षा एफ. एम. लॅबमध्ये व्हेंचुरीमीटरच्या शेजारी एक गळकी टाकी ठेवा, आणि व्हायवाला फक्त विचारा, "कुठून?" एच.ओ.डी. सरांनी विचार करावा.

तोवर होस्टेलवर सोय आहेच. दुसऱ्या मजल्याच्या बाथरूमचं छत तीन वर्षं गळतंय आणि दर उन्हाळ्यात खालून प्लास्टर होतंय. वर तिसऱ्या मजल्यावर चार ट्रॅप आहेत. एकेकात वेगळा खाण्याचा रंग ओतायचा आणि खाली पांढरा कपडा बांधायचा. रेक्टर सरांनी परवानगी दिली तर येत्या रविवारी आम्ही तिघं मोकळे आहोत.