योगवर्ग शिक्षकाचा, यादी कोणाची?

योगवर्गाची जागा आता भ्रमणध्वनीवरून राखून ठेवता येते. वेळ निवडावी, शुल्क भरावे, जागा निश्चित व्हावी. शिक्षकाची वसुलीची कटकट टळते, रिकाम्या जागा भरतात. या सोयीला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्या मालकीचा.

अवसरी खुर्दच्या शेतकऱ्याला हा प्रश्न फोड करून सांगावा लागणार नाही. मंचरच्या बाजारात माल त्याचा, पण गिऱ्हाईक अडत्याच्या ओळखीचे. फळे-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, हे ठरायला २०१६ साल उजाडावे लागले. आंतरजालावरील मध्यस्थ तर अडत्याच्याही पुढे जातो. विद्यार्थ्यांची यादी त्याच्याजवळ, सवलतीचा दर तोच ठरवणार आणि कोणत्या शिक्षकाचे नाव वर दिसावे हेही त्याच्याच हाती. लोणावळ्याचे कैवल्यधाम (१९२४) किंवा पुण्याची अय्यंगार योगसंस्था (१९७५) यांना स्वतःच्या नावाचे बळ आहे. भाड्याच्या खोलीत वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेला ते कोठून असणार?

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. मंचांमार्फत काम करणाऱ्यांच्या कल्याणासाठी मध्यस्थ कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद तीत आहे. ती स्वागतार्ह खरी. परंतु यादीवरील हक्क तिने मिळत नाही. तो सहकारातूनच मिळेल. साखर कारखाने आणि दूध संघ चालविणाऱ्या या जिल्ह्यात शिक्षकांची सामाईक नोंदणी-व्यवस्था अशक्य नाही. कार्यकर्त्यांनी मंचर-नारायणगाव परिसरातील योगशिक्षकांना एकत्र बोलावून तिचा आरंभ करावा.