मागच्या दाराच्या टेस्ट

मंडळी, आज थोडं भांडण.

प्रायव्हेट मेथडची टेस्ट लिहायची खोड आपल्याकडे फार. जावात रिफ्लेक्शन लावायचं, 'सेटॲक्सेसिबल' म्हणायचं, की कुलूप उघडलं! कव्हरेज वाढलं, मॅनेजर खूश. मग कोणी आतली लिस्ट काढून मॅप घातला की चाळीस टेस्ट लाल. प्रोग्राम मात्र ठणठणीत! अशाने कोडला हात लावायचीच भीती बसते. अरे, बिनधास्त बदल करता यावेत म्हणूनच टेस्ट असते ना?

आमच्या सोलापुरात चादर घेणारा माग बघायला जात नाही. धुतल्यावर रंग टिकतो का, एवढंच बघतो. माग बदला, त्याची परीक्षा तीच. टेस्टनंही असंच गिऱ्हाईक व्हावं.

जावावाल्यांनी तर स्वतःच्या घराला कुलूपच लावलं. मार्च २०२१ मध्ये आलेल्या जेडीके १६ ने जावाच्या आतल्या भागांत रिफ्लेक्शनने शिरणं मुळातच बंद केलं. सप्टेंबरमधल्या १७ ने ते सरसकट उघडायचा पर्यायही काढला. तिथे हात घालणाऱ्या टेस्ट पडल्या. उपाय काय केला? बऱ्याच ठिकाणी बिल्ड फाइलमध्ये 'ॲड-ओपन्स'ची ओळ! म्हणजे पुन्हा मागचं दार.

"पण आतलं लॉजिक किचकट असेल तर?" मग ते बाहेर काढा, वेगळा क्लास करा, त्याला स्वतःचं पब्लिक दार द्या आणि त्या दारातून टेस्ट करा. प्रायव्हेटची टेस्ट लिहावीशी वाटते, तेव्हा दुखणं डिझाइनचं असतं.

पटत नसेल तर या भांडायला!