कोणाची ताई?

इंदूरच्या राजकारणात ‘ताई’ हा शब्द आडनावाशिवाय चालतो. सुमित्रा महाजन १९८९ साली प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवून लोकसभेत गेल्या, २०१४ पर्यंत ओळीने आठ निवडणुका जिंकल्या, पुढे लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. चिपळूणच्या माहेरवाशिणीला या शहराने पहिल्यापासून एकच हाक मारली. हिंदी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही नुसतं ‘ताई’ छापून येई आणि कोणाबद्दल आहे हे विचारावं लागत नसे. शेजारच्या मथळ्यात ‘भाई’ असले तर ते शहरातलेच दुसरे नेते कैलाश विजयवर्गीय, हेही सगळ्यांना ठाऊक.

पण ही ताई नेमकी कोण? मराठी घरात ताई म्हणजे थोरली बहीण. तिच्याशी भांडता येतं, तिची ओढणी पळवता येते, परीक्षेचा निकाल वाईट लागला की आधी तिला सांगता येतं. हिंदी घरातली ताई म्हणजे ताऊजींची बायको, वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी. ती एक पिढी वरची. घरातल्या सुना तिच्यासमोर डोक्यावर पदर घेतात, कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे असतात, लग्नाच्या याद्या तिच्या संमतीशिवाय पक्क्या होत नाहीत. दोन अक्षरं तीच, पण एक ताई आपल्या शेजारी बसते आणि दुसरी आपल्या डोक्यावर हात ठेवते.

म्हणून मी कुतूहलाने हिंदीभाषक मित्रांना विचारत आले आहे, की तुम्ही सुमित्राताईंना ताई म्हणता तेव्हा मनात कोण असतं? सराफ्यातले एक वयस्कर व्यापारी क्षणभरही न थांबता म्हणाले, “बड़ी बहन। मराठी वाली ताई।” त्यांच्या स्वतःच्या घरात ताईजी होत्या, त्यांच्या हाताखालीच ते वाढले. तरीही या एका बाईंसाठी त्यांनी शेजाऱ्यांच्या घरातलं नातं उचललं. एखादा शब्द आपल्याकडे नसला की तो दुसऱ्या भाषेतून घेतला जातो, हे नेहमीचंच. इथे शब्द घरात होता, घेतला तो फक्त अर्थ. इंदूरची मराठी वस्ती या शहरात किती खोल मुरली आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ही वस्ती होळकरांबरोबर आली. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, इंदूर होळकरांची राजधानी झाली, आणि दरबार, फडणिशी, शाळा यांच्या आधाराने मराठी कुटुंबं इथे रुजली. रामबाग, लोकमान्य नगर या भागांत आजही गल्लीच्या एका टोकाला मराठी आणि दुसऱ्या टोकाला हिंदी ऐकू येतं. तिथल्या मुलांना लहानपणापासून माहीत असतं की आपला दादा म्हणजे मोठा भाऊ आणि समोरच्यांचे दादा म्हणजे आजोबा. आपल्याकडे नाना हे कोणाही वडीलधाऱ्याचं नाव असू शकतं, त्यांच्याकडे नाना म्हणजे आईचे वडीलच. कोणी शिकवत नाही, मुलं खेळता खेळता शिकतात.

हे दोन अर्थ आले कुठून? हिंदीतले ताऊ आणि ताई संस्कृत ‘तात’पर्यंत जातात. तात म्हणजे वडील. पण संस्कृतात वडीलधारी माणसं लेकरालाही मायेने तात म्हणत, म्हणजे हा शब्द मुळातच दोन्ही बाजूंनी वाहणारा. आपला तात्याही त्याच घरचा. मराठीतल्या ताईबाबत मात्र दक्षिणेकडे पाहावंसं वाटतं. अण्णा, अप्पा हे आपण कानडीशी वाटून घेतलेले शब्द, आणि कानडीत ‘तायि’ म्हणजे आई. तमिळमध्येही ‘ताय्’ म्हणजे आईच. सोलापूर, अक्कलकोट, जतकडे तर हे रोजच्या कानावरचं आहे: मराठी पोर ताई म्हणून बहिणीला हाक मारतं आणि शेजारचे कानडी आजोबा त्याच आवाजात आईबद्दल बोलत असतात. नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे यावं तर ताई आधी काकू असते, मग बहीण होते, शेवटी आई.

मात्र आवाज जुळला म्हणून कूळ जुळलं असं नात्यांच्या शब्दांत मानू नये. जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरातल्या भाषांतून आई-वडिलांसाठीचे १०७२ शब्द जमवले होते. त्यांवर रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की तान्ह्या मुलाच्या तोंडून आधी म, प, ब, त, द, न असेच आवाज निघतात, आणि जवळची माणसं त्या आवाजांना आपापलं नातं जोडून घेतात. त्यामुळे एकमेकींचा काही संबंध नसलेल्या भाषांतही सारखे शब्द सापडतात, आणि अर्थ मात्र भलतीकडे जातात. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील आणि देदा म्हणजे आई. पोलिश मूल वडिलांना ‘ताता’ म्हणतं. चेक भाषेत वडील ‘ताता’ आणि मावशी-आत्या ‘तेता’. इटालियन घरात ‘ताता’ म्हणजे मुलं सांभाळणारी दाई. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधली आत्या-मावशी ‘तिआ’, तिचं मूळ थेट ग्रीकमध्ये.

लॅटिनमध्ये वडिलांची बहीण वेगळी आणि आईची बहीण वेगळी होती, पुढच्या युरोपी भाषांनी दोघींना एकाच शब्दात बसवलं. आपण आत्या आणि मावशी सांभाळल्या, पण काकाच्या बायकोच्या बाबतीत आपणही सढळच. काका थोरला असो की धाकटा, त्याची बायको काकूच. हिंदीने तिथे ताई आणि चाची असा स्पष्ट भेद ठेवला. तो भेद मला आवडतो. अलीकडे मात्र इंदूरच्या हिंदी घरांत ताईजींच्या जागी ‘बड़ी मम्मी’ ऐकू येते आणि तेवढ्यापुरतं मन खट्टू होतं. एवढा जुना, नेमका शब्द मागे पडू नये.

मराठी ताईचाही प्रवास आहेच. अहिल्याबाईंच्या काळात ‘बाई’ ही स्त्रीला देता येणारी मोठी आदराची जोड होती; गौतमाबाई, कृष्णाबाई, सगळ्या होळकर स्त्रिया बाईच. पुढे शहरी बोलीत बाई म्हटलं की घरकामाला येणारी बाई डोळ्यांसमोर येऊ लागली, आणि सार्वजनिक कामातल्या स्त्रियांची नावं ताईकडे वळली. १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक १८९२ सालच्या, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ १९१० सालच्या. एकाच संस्थेत, एकाच कामात, गुरू बाई आणि शिष्या ताई. आपल्या बालगाण्यांत तर चिमणीलाही चिऊताई आणि खारीलाही खारूताई म्हणतात. हिंदीत मांजर मौसी झाली, चंद्र मामा झाला, पण चिमणी कोणाची ताई झाल्याचं मी ऐकलेलं नाही. थोरल्या बहिणीला एवढी माया देणारी भाषा माझी आहे याचा मला आनंद आहे.

माझ्या नात्यात एक मराठी मुलगी माळव्यातल्या हिंदी घरात दिली आहे. तिच्या जेठानीला, म्हणजे थोरल्या जावेला, तिची मुलं ताईजी म्हणतात, बापाच्या घरच्या रीतीने. जेठानीची मुलगी या मुलांपेक्षा मोठी, तिला ती ताई म्हणतात, आईच्या रीतीने. म्हणजे एकाच घरात आई ताईजी आणि लेक ताई. आजीला, म्हणजे या मराठी मुलीच्या आईला, हे पटत नाही. ती दरवेळी नातवंडांना बजावते की त्यांना मोठी काकू म्हणा, गोंधळ नको. मुलांचा गोंधळ मात्र कधीच झालेला नाही. “ताई, ताईजी बुला रही हैं,” असं एका दमात सांगून ती पळतात, आणि बरोबर तीच माणसं उठून उभी राहतात. आजींना मी सांगितलं आहे की हे बदलू नका. मोठी काकू म्हणायला लावलं तर त्या घरातून हिंदीची ताई जाईल, आणि उद्या कोणी दीदी म्हणायला लावलं तर मराठीची. दोघी राहू द्याव्यात.