बैकलची गाळणी

बैकल सरोवराचे पाणी इतके नितळ कशामुळे, याचे उत्तर तिळाहूनही लहान अशा एका जीवापाशी आहे. एपिशुरा हे त्याचे नाव. झिंग्या-कोळंब्यांच्या दूरच्या गोतातला हा प्राणी जेमतेम दीड मिलिमीटर भरतो. पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खाणे, हेच त्याचे आयुष्य. असे अगणित एपिशुरा अखंड गाळत राहतात, म्हणून सैबेरियातल्या या सरोवरात बर्फ वितळल्यावर कधी कधी ४० मीटर खोलवर नजर पोहोचते.

सुमारे अडीच कोटी वर्षे वयाचे, १६४२ मीटर खोल असे हे सरोवर. पृथ्वीच्या पाठीवरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा इथे साठलेला आहे. एपिशुरावर इथला गोलोम्यांका मासा पोसला जातो. त्याला खवले नाहीत, अंग असे पारदर्शक की पाठीचा कणा बाहेरून दिसावा. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. या माशावर नेर्पा जगतो. केवळ गोड्या पाण्यात राहणारी सीलची ही जगातली एकमेव जात. हिवाळ्यात नखांनी बर्फ खरवडून तो श्वासापुरती भोके उघडी ठेवतो.

एवढ्या अफाट पाण्याला काय होणार आहे, हा समज मात्र घातक आहे. काठावरचा कागदलगद्याचा कारखाना १९६६ साली सुरू झाला आणि २०१३ साली बंद पडला; त्याचा गाळ आजही तिथल्या खड्ड्यांत पडून आहे. किनाऱ्यावरच्या वस्त्या आणि पर्यटकांची निवासस्थाने यांच्या सांडपाण्यावर स्पायरोगायरा शेवाळ माजते आहे. तळाशी हिरव्या झुडपांसारखे वाढणारे स्पंज रोगट होऊन मरत आहेत. बैकलमध्ये शिरलेले पाणी बाहेर पडायला सरासरी ३०० हून अधिक वर्षे लागतात. आज सोडलेली घाण पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणार.

घाणीखेरीज सरोवर तापतही आहे, आणि हा बदल जगाला कळला तो एका घराण्याच्या चिकाटीमुळे. मिखाइल कोझोव्ह यांनी १९४५ साली सरोवराच्या पाण्याची नियमित मोजणी सुरू केली. पुढे मुलीने आणि मग नातीने ती चालू ठेवली. पृष्ठभागाचे पाणी सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापले आहे, हे त्या नोंदींच्या आधारे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एपिशुराला थंड पाणीच मानवते, हे ध्यानात घेतले की या आकड्याची धास्ती कळते.

१९९६ साली युनेस्कोने बैकलला जागतिक वारसा ठरवले. तो मान राखायचा तर काठावरच्या प्रत्येक वस्तीचे सांडपाणी शुद्ध झाल्याखेरीज सरोवरात जाता कामा नये आणि कारखान्याचे खड्डे कायमचे निकाली निघाले पाहिजेत. एपिशुरा आपल्या वाट्याचे काम चुकवत नाही. माणसाची घाण गाळणे मात्र त्याच्या वाट्याचे नाही, ते माणसाच्याच वाट्याचे आहे.